इंदूरमध्ये नवीन आहे, रॅप कॉन्सर्टला एकटीने जावे का?

सांगलीची_पाहुणी

नमस्कार. मी मूळची सांगलीची. नोकरीच्या निमित्ताने ऑगस्टमध्ये इंदूरला आले, सुपर कॉरिडॉरवरील एका आयटी कंपनीत काम करते आणि राजेंद्रनगरमध्ये एका मराठी कुटुंबाच्या घरी वरच्या मजल्यावरील खोलीत भाड्याने राहते. चार महिने झाले, तरी ओळखी अजून कार्यालयापुरत्याच आहेत. दुपारच्या डब्याला सोबत मिळते. शनिवार-रविवारी मात्र कोणाला हाक मारावी हे अजून ठरलेले नाही.

महाविद्यालयात असल्यापासून मी रॅप ऐकते. मुंबईचा डिव्हाईन, दिल्लीची ‘सीधे मौत’ ही जोडी, पुण्याचा एमसी स्टॅन, शिवाय मराठीत लिहिणारी बरीच नवी मुले. पण हे सारे ऐकणे हेडफोनमधले आहे. नाट्यपंढरी म्हणवणाऱ्या आमच्या गावात नाटके पाहिली, नाट्यसंगीताच्या मैफली ऐकल्या, गणपतीच्या मिरवणुकीतला डीजेही सोसला. रॅपचा प्रत्यक्ष कार्यक्रम मात्र कधीच पाहिलेला नाही.

पुढच्या शनिवारी बायपासवरील एका मोकळ्या मैदानावर माझ्या आवडत्या रॅपरचा कार्यक्रम आहे. त्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते लिहिले की तो खरा रॅपर आहे की नाही यावरच सगळी चर्चा होईल. १,४९९ रुपयांचे साधे तिकीट मी काढून ठेवले आहे. कार्यालयातील चौघांना विचारले. दोघांनी ‘बघू’ म्हटले, एकाने विषय बदलला आणि एक मैत्रीण म्हणाली की पंजाबी गाणी असतील तर येते.

तिकिटावर प्रवेशाची वेळ दुपारी ४ अशी दिली आहे आणि संपण्याची वेळ दिलेलीच नाही. चार वाजता जाऊन कलाकार येईपर्यंत करायचे काय? संपूर्ण वेळ उभेच राहावे लागते, हे खरे आहे का? जाताना अडचण नाही, पण रात्री बायपासवरून राजेंद्रनगरला परत येण्यासाठी मेट्रो किंवा सिटी बस मिळेल का? आमच्या घरमालकीण आजी रात्री १० वाजता फाटकाला कुलूप लावतात. त्यांना मी अजून काही सांगितलेले नाही, कारण रॅप म्हणजे काय हे त्यांना कोणत्या शब्दांत सांगावे तेच सुचत नाही.

शेवटचा प्रश्न खरे तर पहिला आहे. एकटीने गेलेले चालते का? भीती वाटते असे नाही. पण सगळे आपापल्या घोळक्यात उभे आहेत आणि त्यांच्यामध्ये मी एकटीच ओठ हलवत उभी आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आले की तिकीट कोणाला तरी देऊन टाकावेसे वाटते.

पलासियाकर

तिकीट देऊन टाकू नका. मी जन्माने इंदूरचाच आहे आणि गेल्या काही वर्षांत इथे झालेल्या बऱ्याच मोठ्या कार्यक्रमांना गेलो आहे, त्यांपैकी निम्म्यांना तरी एकटा. आधी व्यवहाराचे बोलू.

संपण्याची वेळ तिकिटावर नसली तरी ती कायद्यात आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार सण-उत्सवांच्या निमित्ताने वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकते, पण ती सवलत तुमच्या शनिवारला मिळाली असेल असे धरून चालू नका. त्यामुळे मुख्य कलाकार सहसा ८ ते साडेआठच्या दरम्यान मंचावर येतो आणि १० च्या ठोक्याला आवाज बंद होतो. गर्दीतून बाहेर पडायला अर्धा तास आणि पुढचा रस्ता धरला, तर घरी पोहोचायला साडेअकरा वाजतील. आजींना साडेअकरा हीच वेळ सांगा. साडेदहा सांगून पुढे फोन करत बसण्यापेक्षा ते बरे.

चार वाजता जाण्याची काहीच गरज नाही. तरी साडेपाच-सहापर्यंत पोहोचावे असे मी म्हणेन, आणि त्याचे कारण आपली इथली मुले. मोठ्या रॅपरच्या आधी बहुतेक वेळा दोन-तीन स्थानिक रॅपरना दहा-दहा मिनिटे मिळतात. त्यांच्या हिंदीला माळव्याचा वास असतो, ओळीच्या शेवटी ‘भिया’ (म्हणजे भाऊ) येतो आणि तो आला की पुढे उभी असलेली मित्रमंडळी अशी ओरडतात की बाहेरच्या माणसाला नेमके काय घडले ते कळत नाही. इंदूर समजून घ्यायचे असेल तर सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीइतकीच ही दहा मिनिटेही उपयोगाची आहेत.

आता परतीचे. मेट्रोचा ३१ मे २०२५ रोजी सुरू झालेला पहिला टप्पा सुमारे ६ किलोमीटरचा असून तो तुमच्या कार्यालयाच्या बाजूला, गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर असा आहे. बायपास शहराच्या अगदी दुसऱ्या अंगाला. सिटी बसच्या भरवशावर रात्री १० नंतर बायपासवर उभे राहू नये. राहिली ॲपवरची टॅक्सी किंवा रिक्षा. दहा वाजून पाच मिनिटांनी हजारो लोक एकाच वेळी तेच ॲप उघडतात, नेटवर्क अडखळते, भाडे दुप्पट होते आणि गाडी मिळालीच तर चालक फाटकापर्यंत येऊ शकत नाही. यावर माझा उपाय जुना आहे. राजेंद्रनगरच्या चौकात नेहमी उभ्या असणाऱ्या एखाद्या रिक्षावाल्याशी जाण्या-येण्याचे आधीच ठरवून टाका आणि भेटण्याची जागा मैदानाचे फाटक न ठेवता थोडे पुढचे पेट्रोल पंप किंवा उपाहारगृह ठेवा. लोकांच्या लोंढ्याबरोबर सर्व्हिस रोडने दहा-पंधरा मिनिटे चालत गेलात की तिथपर्यंत रस्ता मोकळा झालेला असतो. मुख्य बायपासवर मात्र उतरू नका, तिथे ट्रक वेगात असतात.

आणि स्वेटर न्या. डिसेंबरच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो. नाचताना तो कमरेला बांधावा लागेल, पण उघड्या रिक्षातून परतताना तुम्ही माझी आठवण काढाल.

कन्सोलमागचा

कार्यक्रमांची ध्वनिव्यवस्था हा माझा व्यवसाय आहे, म्हणजे सगळे मंचाकडे पाहत असतात तेव्हा मी मैदानाच्या मध्यावर कन्सोलमागे, म्हणजे आवाज कमी-जास्त करण्याच्या यंत्रामागे उभा असतो. कुठे उभे राहावे हे तुम्ही विचारलेले नाही, पण पहिल्या वेळी तोच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा असतो असे मला वाटते.

बहुतेक जण धावत पहिल्या रांगेत जातात. तिथे कलाकार जवळून दिसतो आणि शब्द सर्वांत कमी ऐकू येतात. मंचाच्या पुढ्यात जमिनीवर खर्जाचे मोठे स्पीकर ठेवलेले असतात, तर शब्द स्पष्ट पोहोचवणारे स्पीकर दोन्ही बाजूंना उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागच्या गर्दीकडे असतो. पहिल्या रांगेतल्या माणसाच्या छातीत ढोल वाजतो आणि यमके डोक्यावरून जातात. रॅप हा शब्दांचा खेळ असल्यामुळे हे नुकसान इतर कोणत्याही संगीतापेक्षा इथे अधिक जाणवते. आवाजाचा तोल आम्ही कन्सोलपाशी उभे राहून लावतो, साहजिकच तो तिथेच सर्वांत नीट ऐकू येतो. कन्सोलच्या चौथऱ्याच्या थोडे पुढे आणि एका बाजूला उभे राहा. तिथे कठड्याचा आधार मिळतो, मागून ढकलाढकली होत नाही आणि एकट्या माणसाला टेकायला जागा असते.

आता जरा मनाची तयारी. तुम्ही हेडफोनमध्ये जे ऐकता त्यात रॅपरचा आवाज अनेकदा दोन-तीन वेळा ध्वनिमुद्रित करून एकावर एक बसवलेला असतो आणि श्वास कापून टाकलेले असतात. प्रत्यक्षात तो एकच माणूस असतो, तोही उड्या मारणारा. एका कडव्याची नेहमीची लांबी १६ बार, म्हणजे चार-चार मात्रांप्रमाणे ६४ मात्रा. मिनिटाला ९० मात्रांच्या गतीने हिशेब केला तर सुमारे ४३ सेकंद. एवढ्या वेळात श्वास घेण्याची जागा शब्दांतच शोधावी लागते. म्हणून शेजारी दुसरा एक जण माइक घेऊन उभा असतो आणि ओळींचे शेवटचे शब्द उचलून धरतो, तेवढ्यात मुख्य रॅपर दम घेतो. याला हाइप मॅन म्हणतात. काही जण मागे स्वतःचा ध्वनिमुद्रित आवाजच वाजवत ठेवतात आणि वर अधूनमधून ओरडतात. ते मला आवडत नाही, पण त्यासाठीही मला पैसे मिळतात, त्यामुळे अधिक बोलत नाही.

सुरुवातीच्या डीजेला कंटाळून मोबाइल काढू नका. हिप-हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ चा मानला जातो. त्या दिवशी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क याने आपल्या बहिणीने ठेवलेल्या पार्टीत तबकड्या वाजवल्या. गाण्यातला नुसत्या तालाचा तुकडा आला की लोक जास्त नाचतात हे त्याने हेरले होते, आणि तोच तुकडा दोन तबकड्यांवर आलटून-पालटून वाजवत लांबवण्याची युक्ती त्याने पुढे रूढ केली. माइकवर बोलणारा त्या वेळी डीजेच्या मदतीला होता. मालक आणि मदतनीस यांची अदलाबदल नंतरची आहे.

शेवटी कानांबद्दल, आणि हे गंभीरपणे घ्या. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसणे ही कामाच्या ठिकाणची सर्वसाधारण मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला तो १५ मिनिटांवर येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल ही कमाल पातळी सुचवली आहे, आणि तुम्ही तिथे दोन-अडीच तास असणार. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग अगदी स्वस्तात मिळतात. ते चिमटीत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचे. नुसते कानाच्या तोंडाशी खोचले तर त्यांचा उपयोग होत नाही. गाणे ऐकू येईल, फक्त त्याची धार कमी होईल. आमच्यापैकी कितीतरी जणांच्या कानात आता रात्री शांततेत शिटी वाजते, आणि तिला कन्सोल नाही.

एक_पालक

वरील उत्तरे उपयुक्त आहेत, पण एक बाजू कोणी मांडलेली नाही. माझा १९ वर्षांचा मुलगा हेच संगीत ऐकतो, त्यामुळे मलाही ते ऐकावे लागते. त्यातील शिवीगाळ घरात चारचौघांसमोर ऐकवत नाही. मार्च २०२३ मध्ये एमसी स्टॅनचा इंदूरमधील कार्यक्रम गाण्यांतील शिव्यांवर आक्षेप घेणाऱ्या लोकांनी मंचावर चढून बंद पाडला होता, हे इथल्या मंडळींना आठवत असेल. ज्यांनी तिकिटे काढली होती ती मुले अर्ध्यावर घरी परतली. नव्या शहरात आलेल्या एकट्या मुलीने अशा प्रसंगी काय करावे?

दुसरे म्हणजे गर्दी. ५ नोव्हेंबर २०२१ रोजी अमेरिकेत ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोवर्ल्ड महोत्सवात रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटच्या कार्यक्रमात चेंगराचेंगरी होऊन १० जण दगावले, त्यांत लहान मुलेही होती. मी मुलाला अडवत नाही, पण तो परत येईपर्यंत मला झोप येत नाही. जाऊ नका असे मी म्हणणार नाही, मात्र पहिल्या वेळी कोणाला तरी सोबत घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे.

टिळकनगरची_ताई

पालकांची काळजी समजू शकते, कारण माझ्या आईचीही तीच आहे आणि मी ३४ वर्षांची आहे. तरीही दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. शिव्या आवडत नसतील तर ऐकू नयेत, पण प्रश्न विचारणाऱ्या ताई हीच गाणी अनेक वर्षांपासून ऐकत आहेत, त्यांना त्यात नवे काही सापडणार नाही. कार्यक्रम मध्येच थांबला तर मंचाच्या दिशेने काय चालले आहे ते पाहायला जाऊ नका. कडेने सरळ बाहेर पडा. आत शिरतानाच बाहेर जाण्याचे किमान दोन मार्ग पाहून ठेवले की त्या क्षणी शोधाशोध होत नाही.

गर्दीचे म्हणाल तर ह्यूस्टनची घटना खरी आहे, पण अशी दुर्घटना रॅपमुळे घडत नाही, एका जागी मावतील त्याहून जास्त माणसे कोंडल्यामुळे घडते. ती जत्रेत घडते, रेल्वेच्या पुलावर घडते. उभ्या गर्दीत एका चौरस मीटरमध्ये पाचांहून अधिक माणसे झाली की धोका वाढू लागतो. तिथे फूटपट्टी घेऊन कोणी जात नाही, म्हणून माझी खूण सांगते. चारही बाजूंनी लोकांचा स्पर्श होऊ लागला आणि हात सहज चेहऱ्यापर्यंत नेता येईना, की गाणे कितीही आवडते असले तरी मी निघते. निघताना लोंढ्याच्या विरुद्ध जायचे नाही. दोन्ही हात छातीसमोर धरून श्वासाला जागा ठेवायची आणि एक लाट ओसरली की तिरके कडेला सरकायचे. मोबाइल पडला तर वाकायचे नाही, तो गेला असे समजायचे.

मधोमध अचानक मुले मागे सरून गोल रिंगण करू लागली तर समजा की थांबलेला ठेका पुन्हा जोरात सुरू होताच ती सगळी एकमेकांवर धावून जाणार आहेत. त्याला मॉश पिट म्हणतात. बाहेरून मारामारी वाटते, पण कोणी पडला तर त्याला आधी उचलायचे हा तिथला शिरस्ता आहे आणि मी तो पाळलेला पाहिला आहे. तुम्ही कन्सोलजवळ असाल तर हे रिंगण तुमच्यापर्यंत येणार नाही.

एकटीने जाण्याबद्दल. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तीन मैत्रिणी सोबत होत्या. एकीला पाणी हवे होते, एकीला मंचासह स्वतःचा व्हिडिओ आणि तिसरीला घरी जायचे होते. ज्या गाण्यासाठी मी गेले होते ते मी पाण्याच्या रांगेत ऐकले. त्यानंतर मी एकटीच जाते. तिथे कोणी तुमच्याकडे पाहत नाही, पाहिलेच तर तुम्हाला ओळी पाठ आहेत का एवढेच पाहतात.

बायकांच्या सोयीचे कोणी सांगणार नाही म्हणून मीच सांगते. फिरती स्वच्छतागृहे सात वाजेपर्यंत बरी असतात, त्यानंतर नसतात. अंधार पडण्यापूर्वी एकदा जाऊन या. मोठी पिशवी, पाण्याची बाटली, पॉवर बँक, अत्तराची कुपी या वस्तू बहुतेक ठिकाणी फाटकावर काढून घेतात, म्हणून कमरेला लावायची लहान पिशवी पुरे. मोबाइल पूर्ण भरून न्या, तिकिटाचा क्यूआर कोड रांगेत शिरण्यापूर्वीच उघडून ठेवा आणि घरच्या दोन क्रमांकांची चिठ्ठी खिशात असू द्या. पैशांसाठी मनगटाला पट्टा बांधत असतील तर त्यात लागतील तेवढेच भरा. उरलेले पैसे परत मिळवताना मी एका आयोजकाला सहा ईमेल पाठवले आहेत, सातवे लिहायचे आहे.

रामबागेतला_निवृत्त

मी ७१ वर्षांचा आहे. उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या इंदूर घराण्याचा अतिविलंबित, म्हणजे अतिशय संथ झूमरा ताल ऐकून माझा कान घडला आहे, तेव्हा १४ मात्रांच्या एका आवर्तनात तुमचा रॅपर किती कडवी म्हणून मोकळा होईल याचा हिशेब मी वरच्या आकड्यांवरून करून पाहिला आणि थोडा घाबरलो. नातवाने एकदा मोबाइलवर दोन मुलांचा सामना दाखवला. एक जण दुसऱ्याला यमकात टोमणे मारतो, दुसरा तिथल्या तिथे त्याच्याच शब्दाला धरून उलटवतो आणि भोवतालची मुले निवाडा करतात. मी त्याला म्हटले, अरे, हे तर मी लहानपणी निमाडात रात्रभर जागून पाहिले आहे.

सांगलीच्या ताईंना कलगी-तुरा ठाऊक असेलच. डफ आणि तुणतुण्याच्या साथीवर दोन फड समोरासमोर उभे राहत. तुरेवाले शिवाची थोरवी गात, कलगीवाले शक्तीची. एकाने कवनातून कूटप्रश्न टाकायचा आणि दुसऱ्याने कवनातूनच तो सोडवून उलट सवाल करायचा. उत्तर अडले की फडाची लाज गेली. हा खेळ महाराष्ट्रापुरता नाही. माळवा, निमाड आणि राजस्थानातही तुर्रा-कलंगीचे आखाडे होते. तुकनगीर आणि शाहअली या दोघांचा सवाल-जवाब ऐकून चंदेरीच्या राजाने एकाला तुरा आणि दुसऱ्याला कलगी दिली, अशी आख्यायिका इकडे सांगतात. चंदेरी आपल्या मध्य प्रदेशातच आहे. तेव्हा आजींना ‘रॅप’ हा शब्द सांगूच नका. ‘कलगी-तुऱ्यासारखा कार्यक्रम आहे, डफाच्या जागी यंत्र आहे’ असे सांगा. यात खोटे काही नाही.

शिव्यांबद्दल पालकांना एवढेच सांगतो की जुन्या फडांतही मध्यरात्रीनंतर जी भाषा चाले ती माझ्या वडिलांनी मला घरी कधी उच्चारू दिली नाही. ऐकू मात्र दिली, कारण ते स्वतः शेजारी बसलेले असत.

सांगलीची_पाहुणी

सर्वांचे मनापासून आभार. मी काल जाऊन आले, आणि ज्यांनी एवढे सविस्तर लिहिले त्यांना काय झाले ते सांगायलाच हवे.

आजींना बुधवारीच रामबागेतल्या काकांच्या शब्दांत सांगितले. त्यांनी ‘डफाच्या जागी यंत्र’ यावर नापसंती दाखवली, मात्र ‘साडेअकराला मीच कुलूप उघडीन, बेल वाजवू नकोस, फोन कर’ असे म्हणाल्या. चौकातल्या रिक्षावाल्या भैयांशी जाण्या-येण्याचे ठरले. ते मैदानापासून थोडे पुढे, एका पेट्रोल पंपावर थांबणार होते.

पावणेसहाला आत पोहोचले. पलासियाकर म्हणाले तसेच झाले, चार स्थानिक मुले एकामागून एक आली. त्यांतल्या तिसऱ्याने रात्री दोनला सराफ्यातून चालत घरी जाण्यावर एक कडवे म्हटले आणि त्यातल्या प्रत्येक वळणाला लोक ओरडत होते. मला त्यातली निम्मी वळणे माहीत नव्हती. चार महिन्यांत मी कार्यालय, घर आणि भाजीबाजार एवढेच रस्ते पाहिले आहेत, हे मला तिथे उभे असताना कळले.

कन्सोलच्या डाव्या बाजूला कठड्याला टेकून उभी राहिले. इअरप्लग पहिल्यांदा नीट बसले नाहीत, दुसऱ्या प्रयत्नात पाळी वर ओढल्यावर बसले. साडेआठला मुख्य कलाकार आला. पहिली दोन गाणी मी नुसती पाहत राहिले. हेडफोनमधला आवाज माझ्या एकटीशी बोलायचा आणि इथे तो माझ्या डोक्यावरून हजारो लोकांशी बोलत होता, याचे थोडे वाईटही वाटले. तिसऱ्या गाण्यात डीजेने ठेका तोडला आणि पुढची ओळ रॅपरने म्हटलीच नाही, माइक आमच्याकडे धरला. ती ओळ मी सांगलीला बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून, कोणाला दिसू नये अशी पुटपुटायचे. काल ती माझ्या तोंडून एवढ्या मोठ्याने निघाली की शेजारच्या मुलीने वळून पाहिले. मला वाटले, झाले, हेच ते चित्र. तिने विचारले, ‘दूसरा वर्स भी याद है क्या? मैं हर बार बीच में अटकती हूँ.’

दुसरे कडवे आम्ही मिळून म्हटले. ती मधे अडली, मीही अडले, पण वेगवेगळ्या जागी. ती बऱ्हाणपूरची निघाली, घरी मराठी बोलतात. इथे शिकायला आहे आणि तीही एकटीच आली होती. पुढचा सगळा वेळ आम्ही मराठीत बोललो, म्हणजे जेवढे ऐकू येत होते तेवढे. मॉश पिट आमच्यापासून बरेच पुढे झाले. तिला जायचे होते, मी तिचा स्वेटर धरून उभी राहिले आणि ती दहा मिनिटांनी केस विस्कटून, एका बुटाची नाडी सुटलेली, हसत परत आली. ताईंनी सांगितलेला शिरस्ता तिच्याबाबतीत पाळला गेला; ती पडली होती आणि तिला दोघांनी उचलले होते.

बरोबर १० वाजता आवाज बंद झाला, शेवटचे गाणे अर्धेच राहिले. पालकांसाठी सांगते की शिव्या होत्या, आक्षेप घ्यायला कोणी आले नाही, आणि बाहेर पडताना लोंढा खरोखर मोठा होता. आम्ही कठड्याजवळच पंधरा मिनिटे थांबलो आणि मग निघालो. तिला भंवरकुआँला सोडून मी घरी आले तेव्हा ११ वाजून ४० मिनिटे झाली होती. रिक्षात स्वेटर घातल्यावर पलासियाकरांची आठवण काढली.

आजी जाग्या होत्या. शाल पांघरून फाटकाशी आल्या, कुलूप उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘मग, कोण जिंकलं?’ आता काका, याचे उत्तर काय द्यायचे हे तुम्ही सांगितलेच नव्हते. मी ‘तुरेवाले’ असे सांगितले. त्या म्हणाल्या, ‘वाटलंच.’

रामबागेतला_निवृत्त

चुकलात. एवढ्या रात्री शाल घेऊन फाटक उघडणाऱ्या आजी कलगीच्या बाजूच्या असणार. उद्या पुन्हा विचारतील, तेव्हा सावध राहा.

पलासियाकर

सगळे लिहिलेत, रिक्षाचे किती पडले ते लिहिले नाहीत. पुढच्या महिन्यात आणखी एक कार्यक्रम आहे आणि लोक मला विचारतात.

सांगलीची_पाहुणी

जाऊन-येऊन ७०० रुपये, थांबल्याचे १०० वेगळे. भंवरकुआँचे त्यांनी काही घेतले नाही, रस्त्यातच होते म्हणाले. पुढच्या महिन्याच्या कार्यक्रमाची तारीख कळवा. रिक्षात आता दोघी असू.